हार्ड डिस्क दिसत नाही तेव्हा

भिलाईतल्या एखाद्या मराठी घरात लग्नाचे, बारशाचे फोटो ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये जपलेले असतात, ती एक दिवस संगणकावर दिसेनाशी होते. जीव घाबरा होतो. पण बिघाड बहुतेक वेळा डिस्कमध्ये नसतो, तो केबलमध्ये किंवा विजेत असतो.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. ती सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. आतली तबकडी फिरायला लागतानाच सर्वाधिक वीज लागते. ती कमी पडली की दिवा लागतो, पण डिस्क उघडत नाही. म्हणून हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला जोडा, आणि आखूड, चांगली केबल वापरून पाहा. रुंद, चपट्या टोकाची केबल वारंवार वाकून आतून तुटते, बाहेरून मात्र धड दिसते.

तरीही दिसली नाही, तर विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे ती असेल आणि फक्त ड्राइव्हचे अक्षर नसेल, तर ते देता येते. ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली तर कृपा करून होकार देऊ नका.

आतून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब केबल काढा. वाचणारे टोक तबकडीवर घासत असेल, तर प्रत्येक नव्या प्रयत्नात आणखी फोटो जातात. अशी डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.