मालवणचा समुद्र पाहताना

मुलांना सुट्टी लागली की सहल कुठे काढावी, हा प्रश्न घरोघर असतो. आम्ही चार कुटुंबांनी मिळून मालवण ठरविले. कल्याण-डोंबिवलीकरांनी ठाण्याला रात्रीची कोकणकन्या धरावी, सकाळी कुडाळला उतरावे व एस.टी.ने मालवण गाठावे. खर्च आटोपशीर राहतो.

मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना आपण अभयारण्यात शिरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शासनाने १९८७ साली येथील २९.१२२ चौ.कि.मी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यातील ३.१८२ चौ.कि.मी. गाभा क्षेत्र आहे. १६६४ साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला हा किल्ला आणि जवळचे पद्मगड बेट त्यातच येतात.

किल्ल्याभोवती पाण्याखाली प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती चिमुकल्या जीवांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरविते. पाणी फार तापले की ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे हौशी पाहुण्याच्या एका पायाखाली अनेक वर्षांची कमाई मोडते. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

मच्छीमारांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मासेमारीवर बंदी येईल या भीतीने त्यांनी अभयारण्याला विरोध केला. सगळ्यांनी मिळून रापण ओढायची व मासळी वाटून घ्यायची, ही त्यांची जुनी रीत. ज्यांची चूल समुद्रावर पेटते, त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढणे न्यायाचे नाही. कोळ्याच्या जाळ्याला हरकत आणि पर्यटकांच्या गर्दीला मोकळीक, हा हिशेब आम्हांला तरी जुळत नाही.

अंदमानात वंडूर येथे १९८३ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेता येत नाही. जॉली बॉय व रेडस्किन ही बेटे पाहुण्यांसाठी आळीपाळीने उघडतात, म्हणजे प्रवाळांना उसंत मिळते. तेथे शिस्त पाहुण्यांनाही लागू आहे.

मालवणला जाणाऱ्या वाचकांनी एवढे करावे : पावसाळा टाळावा, कारण तेव्हा होड्या बंद असतात. पाण्यात उतरल्यावर खडकावर उभे राहू नये. पिशव्या-बाटल्या परत आणाव्यात. आणि जेवण स्थानिक घरगुती खानावळीत घ्यावे, म्हणजे आपल्या सहलीचे चार पैसे त्या किनाऱ्यावरच राहतील.