अंगानं भरली म्हणजे वाढ पूर्ण झाली?

"पोरगी अंगानं भरायली, आता उजवून टाका." परभणीकडच्या खेड्यांत हे काळजीपोटीच म्हटलं जातं. पण पाळी आली म्हणजे वाढ संपली, हे खरं नाही. उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती पाळीच्या आधी. तरी त्यानंतरही मुलगी साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते आणि कमरेची हाडं पुढेही काही वर्षं रुंदावत असतात. त्या वयात दिवस राहिले, तर एकाच ताटातलं अन्न तिच्या हाडांना आणि बाळालाही पुरवावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता. म्हणून हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो.

दुसरा समज डोळ्यांचा. "आमच्या घराण्यात पोरी काटक्याच", किंवा "ही जरा जास्तच सुटली". नुसतं बघून हे ठरत नाही, आणि मोठ्यांचा तक्ता लावूनही नाही. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा मोठ्यांसाठी १८.५ ते २५ च्या आत असावा लागतो. बारा वर्षांची, १४५ सेंटिमीटर उंचीची, ३६ किलोची मुलगी घ्या. तिचा आकडा १७ येतो. मोठ्यांच्या मापानं ती रोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसार तक्त्यात मात्र अगदी ठीक. तिच्याच उंचीच्या मैत्रिणीचं वजन ४६ किलो असेल तर आकडा २२ येतो. मोठ्यांच्या मापात ती बसते, पण बारा वर्षांच्या मानानं तिचं वजन जास्त आहे.

गुबगुबीत मुलीत रक्त भरपूर असतं, हाही भ्रमच. बिस्किटं, वडे, पाच-दहा रुपयांची चटपटीत पाकिटं पोट भरतात, लोह देत नाहीत. शिवाय वाढलेल्या चरबीमुळे लोह शोषलंही कमी जातं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. जगभरच्या शाळकरी वयात लठ्ठपणानं आता कमी वजनाला मागे टाकलं आहे, असं युनिसेफनं २०२५ मध्ये सांगितलं. दक्षिण आशियात अजून कमी वजनाचंच पारडं जड आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दिसतात. जाड मुलीला रात्री उपाशी झोपवणं हा त्यावर उपाय नाही.

भाकरीला गरिबाचं अन्न समजू नका. परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या ज्वारीत तीसच्या आसपास. तेराव्या वर्षापासून मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, तेव्हा नुसती भाकरी पुरणार नाही. सोबत डाळ, पालेभाजी, लिंबाची फोड हवी. जेवणाला लागून चहा नको.

शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीनं मुलगी जाड होत नाही. शौच काळसर होते, त्यात भिण्यासारखं काही नाही. गोळी उपाशीपोटी देऊ नका. आणि आज रात्री घरातल्या मुलीला सगळ्यांच्या मागून नव्हे, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा.