टेबलावरची पाच पानं आणि ‘कौशल्या’ची जाहिरात

कोल्हापूरकर उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या आनंदात होते. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत कामकाज सुरू झालं आणि त्याच आठवड्यात दिल्लीत ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वकिलांना वर्षानुवर्षं पोसणारा वाद या कायद्यानं विचारातच घेतला नाही. पैसे लावले की बंदी.

वाद मात्र रंजक होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रमीचा खटला आला. निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी, म्हणजे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं नि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं; म्हणून रमीत कौशल्य मुख्य, असं त्यांनी म्हटलं. तीनपानी मात्र निव्वळ नशिबाची! गणपतीत रात्र जागवणाऱ्यांना हे पटो न पटो, पण तीनपानीत समोरच्याचं एकही पान दिसत नाही, हे खरंच आहे.

पोकरमध्ये दिसतं. होल्डेम प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). मुरलेला खेळाडू स्वतःच्या पानांपेक्षा ही पानं जास्त बघतो. बदाम राजा, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री आली तर टेबल कोरडं. रंग (एकाच चिन्हाची पाच पानं) नाही, सिक्वेन्सची आशा नाही. हातात राजा असलेल्यानं बिनधास्त पैसे लावावेत. पण बदाम गुलाम, बदाम दश्शी, चौकट नव्वी उघडली, तर हातातले दोन एक्केसुद्धा घाबरून खेळावे लागतात. राजा-राणी, राणी-अठ्ठी किंवा अठ्ठी-सत्ती धरून बसलेल्याचा सिक्वेन्स केव्हाच झालेला असतो आणि दोन बदामवाला टेबलावर तिसऱ्या बदामाची वाट बघत असतो.

त्या बदामवाल्याचा हिशेब बघू. टर्न झाला, टेबलावर बदाम अजून दोनच. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. रंग जुळायची शक्यता साधारण १९.६ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे जमलेल्या पैशांत, ४०० रुपये आहेत आणि समोरच्यानं त्याचे उरलेले सगळे २०० लावले. आता २०० भरून ८०० मिळवायचे, तर निदान २५ टक्के शक्यता हवी. म्हणजे पानं टाकावीत. न टाकणारा दर वेळी सरासरी सुमारे ४३ रुपये गमावतो. एखाद्या डावात तो जिंकेलही, आणि तेवढंच त्याच्या लक्षात राहील.

२०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्रेटस नावाच्या संगणकानं चार व्यावसायिकांना वीस दिवसांत १ लाख २० हजार डाव खेळून हरवलं. निव्वळ नशीब असतं, तर इतक्या डावांत कोणीच सातत्यानं पुढे राहिलं नसतं. गुजरात उच्च न्यायालयानं मात्र त्याच वर्षी पोकरला जुगार ठरवलं.

कौशल्य आहे, हे मान्य. पण ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असं सांगून नवख्याला धीर देणं ही लबाडी होती. नशिबाच्या खेळात नवखाही अधूनमधून तरतो. कौशल्याच्या खेळात डाव वाढत जातील तसा तो बुडतच जातो. खासबागेत कुस्ती जोड बघून लावतात, तालमीतल्या नवख्या पोराला नामांकित मल्लापुढे सोडत नाहीत. मोबाइलवरच्या टेबलावर जोड कोण बघणार होतं? खेळ चालवणाऱ्या कंपनीला तर दोघेही हवे असायचे, कारण तिची कमाई पॉटमधल्या कपातीवर होती.

नवा कायदा ऑनलाइनपुरता आहे. आंबोली घाट उतरून पणजी गाठणाऱ्यांसाठी मांडवीतली जहाजं उभीच आहेत. तिथेही पॉटमधून कपात होते, त्यामुळे वरच्या हिशेबातले ८०० रुपये हातात पूर्ण येत नाहीत आणि पंचवीस टक्क्यांची अट आणखी वर सरकते.