स्कूबाची बॅग विमानात: काय न्यायचं, काय ठेवायचं आणि शेवटचा दिवस मोकळा का

हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून काढा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत.

विषय असा की, तारकर्ली-मालवणला पहिली डाइव्ह करून आलेले आपले बरेच लोक आता सर्टिफिकेट काढून अंदमान, लक्षद्वीपची तिकिटं बघतायत. मालवणला गाडीने जाता येतं, डिकीत काहीही टाका. विमानाचं तसं नाही. आम्हा शिरूर कासारवाल्यांना तर आधी एसटीने पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं, मग विमान, आणि अंदमानात उतरल्यावर स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जायला पुन्हा बोट. बॅग इतक्या वेळा उचलायची असेल तर तिच्यात काय भरतोय याचा हिशोब घरीच झालेला बरा.

आधी घरी काय ठेवायचं

सिलेंडर न्यायचा नाही. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलेंडर रिकामा असला तरी साधारण १४ किलो भरतो. देशांतर्गत विमानात बहुतेक साध्या तिकिटांवर चेक-इनला १५ किलो मिळतात, म्हणजे सगळा कोटा तिथेच संपला. शिवाय भरलेला सिलेंडर विमानात चालतच नाही, आणि रिकामा न्यायचा तर व्हॉल्व्ह काढून आतून मोकळा दाखवावा लागतो. एवढा खटाटोप कशाला? सिलेंडर आणि कमरेला बांधायची शिशाची वजनं डाइव्ह सेंटरवर मिळतात, तो त्यांच्या पॅकेजचाच भाग असतो.

नुकतं सर्टिफिकेट काढलं असेल तर सगळं सामान विकत घ्यायचीही घाई नको. मास्क आपला स्वतःचा असावा, कारण तो चेहऱ्याला बसावा लागतो. बाकीचं भाड्याने चालतं.

१५ आणि ७ किलोचं गणित

समजा पूर्ण सेट आपला आहे. अंदाजे वजनं अशी:

- बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट: ३.५ किलो
- फिन्स: २ किलो
- ३ मिलिमीटरचा वेटसूट: २ किलो
- बूट: १ किलो
- रिकामी बॅग: ३ किलो

हे झाले ११.५. कपड्यांना उरले ३.५ किलो. अंदमानात स्वेटर लागत नाही, त्यामुळे जमतं.

आता केबिन बॅग, मर्यादा सहसा ७ किलो. रेग्युलेटरचा सेट २.५, मास्क अर्धा, कॅमेरा-टॉर्च-बॅटऱ्या मिळून १, सॅक १. झाले ५. उरलेल्या दोन किलोत लॅपटॉप. आमच्यासारख्यांचा तो सुट्टीतही सुटत नाही.

लटकवायचा डिजिटल काटा दोन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्या. नाहीतर गावातल्या किराणा दुकानाचा काटा आहेच. आणि अगत्तीसारख्या ठिकाणी छोटं विमान जातं, तिथे मर्यादा आणखी कमी असू शकते. तिकिटावरचा आकडा बघूनच भरा.

केबिनमध्ये काय, चेक-इनमध्ये काय

नियम सोपा ठेवा: ज्याच्यावर पाण्याखाली श्वास अवलंबून आहे ते आपल्यासोबत. बॅग उशिरा आली तर फिन्स भाड्याने मिळतील. पण आपल्या सवयीचा, सर्व्हिस केलेला रेग्युलेटर आणि नंबरचा मास्क तिथे मिळेलच असं नाही. डाइव्ह कॉम्प्युटर तर हातातच घाला.

रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, कुठेही कडक घडी पडू देऊ नका. फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप कोरडी करून घट्ट बसवा. सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा, कारण एक्स-रेमध्ये धातू आणि नळ्यांचा गुंता दिसला की बॅग उघडायला सांगणारच. शांतपणे सांगायचं, "स्कूबाचं श्वास घ्यायचं उपकरण आहे, सिलेंडर नाहीये." शेवटचा निर्णय सुरक्षा अधिकाऱ्यांचा. तिथे वाद घालून फायदा नाही, वेळ हाताशी ठेवून जा.

डाइव्हचा चाकू मात्र कायम चेक-इनमध्ये, म्यानात घालून.

बॅटऱ्या

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकायच्याच नाहीत. कारण साधं आहे: केबिनमध्ये धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो, सामानाच्या कप्प्यात दिसत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालतं. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. त्यापुढे नाहीच.

वॉट-अवर काढायला मिलिअँपिअर-अवरला व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. टॉर्चची ५००० ची बॅटरी ३.७ व्होल्टची असेल तर १८.५. २०,००० ची पॉवर बँक ७४. दोन्ही बसतात. टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे शॉर्ट होणार नाही.

डाइव्ह टॉर्चचा वेगळा मुद्दा. मोठे टॉर्च पाण्यात थंड राहतात, पण बॅगेत चुकून चालू झाले तर आग लागण्याइतके तापू शकतात. म्हणून बॅटरी काढून वेगळी ठेवायची, आणि जास्त ताकदीचा टॉर्च असेल तर एअरलाइनला आधी विचारायचं.

हवेचा दाब

उडत्या विमानात केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका. बंद डब्यातली हवा फुगू बघते. म्हणून बीसीडीतली हवा पूर्ण काढा, आणि कॅमेऱ्याचं वॉटरप्रूफ हाऊसिंग घट्ट बंद करून नेऊ नका. त्याची रबरी रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, उतरल्यावर साफ करून बसवा.

आणि हाच दाब आपल्या अंगावरही

आता सगळ्यात महत्त्वाचं. १० मीटर खोलीवर आपल्यावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. त्या दाबात श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. त्याआधीच विमानात बसलात तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं होतं, अंगात बुडबुडे. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, आणि जास्त झालं तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकच साधी डाइव्ह झाली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. डीकॉम्प्रेशन थांबे घ्यावे लागलेली डाइव्ह असेल तर १८ पेक्षा बरंच जास्त. रविवारी सकाळी ११:३० ला शेवटची डाइव्ह संपली तर १८ तास सोमवारी पहाटे ५:३० ला पूर्ण होतात. बरेच जण सरळ २४ तास धरतात, मीही तेच सांगेन.

मालवणवाल्यांनीही ऐका. हे मार्गदर्शन साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू होतं आणि आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे. सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढणार असाल तर आधी इन्स्ट्रक्टरला सांगा आणि तो म्हणेल तितकं थांबा.

म्हणून शेवटचा दिवस कोरडा

तिकीट काढतानाच शेवटचा दिवस डाइव्हशिवाय धरा. त्याचा दुसरा फायदा बॅगेला होतो. ओला वेटसूट आणि ओलं बीसीडी पाणी धरून ठेवतात, आणि येताना बरोबर १५ किलो असलेली बॅग जाताना १५ मध्ये बसत नाही. त्या दिवशी सगळं गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, बीसीडीच्या आतलंही पाणी काढा. रेग्युलेटर धुताना डस्ट कॅप लावलेलीच हवी.

तोपर्यंत तुमच्या अंगातला नायट्रोजनही निघून जातो. बॅग आणि माणूस, दोघांनाही तेवढा एक दिवस द्या.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ.