लोणारला जाताय? फक्त सेल्फी काढून परत फिरू नका!

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे तालुक्याचं छोटं गाव. छत्रपती संभाजीनगरपासून अंतर साधारण १५० किलोमीटर. बरेच पर्यटक काठावरून सरोवराचा फोटो काढतात आणि तासाभरात परत निघतात. पण लोणारला एक मुक्काम तरी करायला हवा. का?

सरोवर खास का आहे?
बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा तयार झाला. यातलं पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सरोवर चक्क गुलाबी झालं. त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला.

काय पाहाल?
सकाळी ऊन चढायच्या आत जंगलातून खाली उतरा. काठावर जुनी मंदिरं आणि भरपूर पक्षी दिसतील. संध्याकाळ गावातल्या दैत्यसूदन मंदिरासाठी ठेवा. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे.

काय टाळाल?
इथले सूक्ष्मजीव खारट पाण्यावरच जगतात. बाहेरचं पाणी आणि घाण मिसळली की हे गणित बिघडतं. सांडपाण्याचा प्रश्न तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला होता. म्हणून धारेवर साबण लावू नका, प्लास्टिक सोबत परत आणा आणि दगड खिशात घालू नका.

जेवण आणि मुक्काम गावातच करा. सरोवर टिकलं तर फायदा आपलाही होतो, हे गावाला दिसायला हवं.