छावणीच्या पगारापायी गेला वऱ्हाड प्रांत

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो परभणी जिल्ह्यातच होता. या हिंगोलीत एकेकाळी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेची छावणी होती. मुलूख निजामाचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा!

वाचकहो, मिळकतीपेक्षा खर्च वाढला की घराचे काय होते, हे कष्टकरी माणसाला सांगायला नको. राज्याचेही तेच झाले. दिवाण चंदुलालच्या काळात कारभार सावकारी कर्जावर चालला. महसुलाचे मक्ते दिले गेले. मक्तेदार आपला पैसा वसूल करणार कोणाकडून? गोरगरीब रयतेकडूनच! तरीही फौजेचा पगार थकत गेला. कंपनी सरकार तो भागवी आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी.

हे कर्ज ४० लाख रुपयांच्या वर गेले. तेव्हा १८५३ साली लॉर्ड डलहौसीने तह करून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब आपल्या कारभाराखाली घेतले. १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूरही परत मिळाले. पण कापूस पिकवणारे वऱ्हाड इंग्रजांनी सोडले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी प्रांत गेला ती फौज राहिली नाही, पण प्रांत परत आला नाही.

कंपनीच्या स्वतःच्या मुलखातही जमाखर्चाची तऱ्हा अशीच होती. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातील एम.ए.च्या प्रबंधात तिचा हिशेब तपासला. महसुलाचा मोठा वाटा लष्कर आणि कर्जाचे व्याज यांवर जाई. रस्ते, कालवे अशा लोकोपयोगी कामांना फार थोडे उरे. हा प्रबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात छापला आहे. शिकणाऱ्या मुला-मुलींनी तो जरूर वाचावा.

पैसा एकाचा आणि खर्चाचा हुकूम दुसऱ्याचा, तिथे पैसेवालाच कर्जबाजारी होतो. म्हणून बांधवांनो, आपण कर भरतो तर हिशेबही विचारला पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती आपल्या वस्तीत कुठे खर्च झाली, हे पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा!