वद्य द्वादशी, भरती नऊला

पहाटे पावणेचार

वेळणेश्वरला आम्ही ज्या घरी उतरतो, तिथल्या काकूंनी ओटीवर चहाचा थर्मास भरून ठेवला आहे. फोटोग्राफी शिकायला सहा जण आले आहेत. पुण्याची एक दंतवैद्य, साताऱ्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका, कोल्हापूरचा एक हार्डवेअरचा दुकानदार, नाशिकच्या दोघी मैत्रिणी आणि चिपळूणचा कॉलेजातला मुलगा. सहाच्या वर मी माणसं घेत नाही. अंधारात खडकावर प्रत्येकाचा पाय कुठे आहे हे मला ठाऊक असायला हवं, आणि सहाच्या पुढे ते लक्षात राहत नाही.

चहाबरोबर पहिला धडा पंचांगाचा. आज अश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. कोकणात समुद्राशी ज्याचं पोट बांधलेलं आहे त्याला भरतीची वेळ विचारा, तो तिथीची पाऊणपट करून सांगतो. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला पूर्ण भरती, आणि तीनच्या सुमारास दोन्ही वेळा ओहोटी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागून सरकते. पाऊणपटीत हेच गणित ढोबळमानाने बसवलेलं आहे. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून छापील कोष्टकही खिशात असतं. पण पाऊणपट तोंडात बसलेली बरी. मोबाइलची रेंज किनाऱ्यावर पहिली जाते.

यावरून दिवस आखला गेला. आत्ता आकाश, नऊच्या भरतीला हेदवीची बामणघळ, तीनच्या ओहोटीला रात्रीच्या जागेची पाहणी आणि संध्याकाळ ते रात्र पुन्हा वेळणेश्वरची पुळण.

सव्वाचार

पुळणीवर उतरताना फक्त लाल बॅटरी, तीही पायाशी. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी कमाई घालवते. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून त्यांच्या संरक्षणाचं काम उभं केलं, तेव्हापासून हे पुष्कळांना माहीत झालंय. घरट्यातून निघालेलं पिल्लू समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतं. मागच्या हॉटेलचा दिवा त्याहून उजळ असला तर ते उलटं, माडांकडे जातं. अजून हंगाम सुरू व्हायचाय, पण सवय आत्ताच लागायला हवी.

आकाशात मृग माथ्याकडे चढलाय, त्याच्यामागे व्याध. दक्षिणेला अगस्ति. तो या अक्षांशावरून क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर येतो, म्हणून पहाटेच्या फ्रेममध्ये समुद्राबरोबर सहज सापडतो. अगस्ति दिसू लागला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं अशी जुनी समजूत आहे, आणि समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचं नाव असलेला तारा समुद्रावरच टेकलेला दिसावा, याचा मला दरवर्षी आनंद होतो. पूर्वेला माडांच्या मागे चंद्राची कोर उगवून वर आली आहे. तिचा उजेड वाळूला पुरेसा आहे, ताऱ्यांना जाचक नाही.

इथे पहिला तास निव्वळ फोकसवर जातो. ऑटोफोकस बंद, स्क्रीनवर व्याध दहापट मोठा करायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची. मग रिंगवर चिकटपट्टी. लेन्सवर छापलेल्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक तरी विसंबतात. मग वीस मिलिमीटरची लेन्स, छिद्र दोनवर, आयएसओ ३२००, पंधरा सेकंद. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं, त्यामुळे शटर तीस सेकंद उघडं ठेवलं की तारे ठिपके राहत नाहीत, लांबट होतात. दंतवैद्य बाईंचा हात इतका स्थिर आणि नजर इतकी बारीक आहे की त्यांचा फोकस पहिल्याच प्रयत्नात लागला. त्यांनी मग काकांना शिकवलं.

चिपळूणच्या मुलाला ध्रुवाभोवतीची वर्तुळं हवी होती. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश; इथे साधारण सतरा अंश, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून थोडी कमी. हिमालयातल्या फोटोंइतकं वर्तुळ इथे उंच येत नाही, ते खाली, डोंगराच्या खांद्यावर बसतं. त्याला ते आधी कमीपणाचं वाटलं. मी त्याला उत्तरेच्या टेकाडाची कड फ्रेममध्ये घ्यायला लावली आणि दीड तास कॅमेरा तिथेच ठेवायला सांगितला.

साडेपाच ते साडेसात

पश्चिम किनाऱ्यावरच्या पहाटेकडे लोक पाठ फिरवतात, कारण सूर्य इथे जमिनीतून उगवतो. माझ्या मते ही इथली सगळ्यात सुंदर वेळ आहे. सूर्य वर येण्याआधी काही मिनिटं पश्चिमेला, थेट समुद्रावर, करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य जसा वर येतो तशी ती खाली सरकते आणि समुद्रात बुडते. पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला ती पहाटे जमिनीवर उतरताना पाहावी लागते. आपल्याकडे ती लाटांवर उतरते. सगळ्यांचे कॅमेरे माडांकडे वळलेले होते. त्यांना मागे वळवलं, तेव्हा नाशिकच्या दोघींपैकी एक म्हणाली, "सर, हे रोज होतं?" आकाश निरभ्र असेल तर रोज.

सव्वाआठ

हेदवी. दशभुज गणपतीच्या देवळासाठी लोक येतात, पण आमची गाडी खाली समुद्राकाठच्या उमामहेश्वराच्या देवळाशी थांबते. तिथेच बामणघळ. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासच्या ज्वालामुखीचा हा काळा बेसाल्ट. त्यातल्या एका भेगेचा कच्चा भाग लाटांनी पोखरत नेला आणि एक अरुंद, खोल घळ तयार झाली. भरतीची लाट तिच्यात शिरते, बाजूला पसरायला जागा नसते, मागून पुढच्या पाण्याचा रेटा असतो. मग सगळं पाणी वर उसळतं. आवाज आधी पायांना कळतो.

पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेत. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत, मोठ्या लाटांचे गट येतात आणि मधे फसवा शांतपणा असतो. खडक कुठपर्यंत ओला आहे ते पाहायचं, आणि त्या ओल्या रेषेच्या पुष्कळ मागे उभं राहायचं. शेवाळलेल्या, हिरव्या-काळ्या दगडावर पाय ठेवायचाच नाही. घळीच्या काठाशी जाऊन खाली वाकणं तर बंदच. इथे आणि कोकणात अशा कितीतरी खडकांवर माणसं गेली आहेत, बहुतेक फोटोच्याच नादात. हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो चढू दे असंच मला वाटतं.

मग काम. एक हजारांश सेकंदाला पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा गोठतो, अर्ध्या सेकंदाला उसळीचा पिसारा होतो. दोन्ही करून पाहायचं. सूर्य पाठीशी अजून फार वर आलेला नाही, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलं की तुषारांत इंद्रधनुष्याचा तुकडा उमटतो. सूर्याच्या बरोबर उलट दिशेपासून बेचाळीस अंशांवर ते असतं. ऊन चढत जाईल तसं ते खाली जातं, म्हणून नऊनंतरच्या भरतीत ते जवळपास पाण्यातच शिरतं. काकांना आठ पन्नासच्या उसळीत ते मिळालं. काळा खडक, पांढरा स्तंभ आणि त्याच्या कडेला रंगांची चंद्रकोर. उत्तम फोटो. बाकीचे त्यांच्याभोवती जमले, मलाही हेवा वाटला.

दुपार

घावन, नारळाची चटणी, मग झोप. जेवायला वरणभात आणि सोलकढी. ऑक्टोबरच्या दुपारी इथे समुद्रावर पांढरा धूसरपणा असतो, फोटोत काही हाती लागत नाही. भातकापणीमुळे वाडीत कुणी नसतं.

तीन

पूर्ण ओहोटी. रात्री जिथे उभं राहायचं ती जागा दिवसा पायाखालून घालायची असते. पुळणीच्या कडेचे खडक आता सगळे उघडे आहेत. प्रत्येकाने आपला खडक निवडला, नैर्ऋत्य दिशा होकायंत्रावर पाहिली, परत यायची वाट दोनदा चालून पाहिली. नाशिकच्या मैत्रिणींना सगळ्यात पुढचा, पाण्यालगतचा खडक आवडला. त्यांना म्हटलं, पाऊणपट करा. रात्री नऊला तो पूर्ण पाण्याखाली असेल, आठलाच त्याच्या आणि पुळणीच्या मधे गुडघाभर पाणी शिरेल. त्या स्वतःहून मागे आल्या. जाळी आवरत असलेले एक खारवी मामा हे ऐकत होते. "साडेसाताच्या आत वर या," ते म्हणाले, "वारा सुटला तर पाणी आधी येतं." आम्ही आठची वेळ साडेसातवर आणली.

पाच ते साडेसात

सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडाला. बुडताना धूसरपणात तो इतका मवाळ झाला होता की फिल्टरची गरजच लागली नाही. परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर पाव ते एक सेकंद, आणि शटर लाट येताना दाबायचं नाही, परत फिरताना दाबायचं. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवायचे, कारण प्रत्येक लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि फ्रेम हळूच कलते. दुकानदाराने ट्रायपॉड मुळातच खूप घट्ट रोवला होता; लोखंडाची जाण असलेला माणूस.

खडकांचे फोटो निळ्या संध्याप्रकाशातच काढून घेतले. कमी आयएसओ, दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर, ट्रायपॉड हलवायचा नाही. त्याच जागेवरून, त्याच दिशेने, तासाभराने आकाशाचा फोटो काढायचा आणि नंतर दोन्ही जोडायचे, हे मला मान्य आहे. डोळाही तसंच करतो, आधी जमीन पाहतो, मग वर पाहतो. पुढच्या रांगेतल्यांनी मात्र साडेसातला जागा सोडली आणि उंच वाळूवरून पुन्हा सुरुवात केली.

साडेसात ते नऊ

हाच तो तास, ज्यासाठी मे महिन्याऐवजी दिवाळीच्या आधीची अंधारी रात्र निवडायची. आकाशगंगेचा केंद्राकडचा भाग, वृश्चिक आणि धनूच्या मधला, मार्चमध्ये पाहायचा तर पहाटे आणि डोंगरावर पाहावा लागतो. पावसाळ्यात तो ढगांआड असतो. ऑक्टोबरात अंधार पडतो तेव्हा तो नैर्ऋत्येला तीस अंशांच्या आत असतो आणि दहाच्या सुमारास अरबी समुद्रात मावळतो. ज्येष्ठा तांबूस, मूळ नक्षत्राचा आकडा पाण्याकडे वळलेला, आणि तिथून वर, श्रवण आणि अभिजितच्या मधून, तो धुरकट पट्टा थेट माथ्यावर हंसापर्यंत.

सगळे गप्प होते. मग काकांनी विचारलं, "हे आमच्या गावाकडे लहानपणी अंगणातून दिसायचं. कुठे गेलं?" कुठे गेलं नाही, आपण ते उजेडाने झाकलं. इथेही दक्षिणेला खाडीपलीकडच्या बंदराचा फिकट घुमट दिसतो, क्षितिजावर बोटींचे पांढरे दिवे. नवे पांढरे एलईडी जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा जास्त निळा प्रकाश सोडतात, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिव्यावर झाकण बसवायला, तो खाली वळवायला फार पैसे लागत नाहीत. पेंचच्या जंगलाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या पुळणीसाठी असं ठरवावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

लेन्सवर दव धरू लागलं. दर दहा मिनिटांनी तपासायचं, मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. पावणेनऊला मघाचा पुढचा खडक दिसेनासा झाला.

रात्री दहा

आधी ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवायचे, सांधे उघडून. मिठाने गंजलेला सांधा पुढच्या सहलीत दगा देतो. मग कार्डांच्या दोन प्रती. वसुबारसेच्या पणत्या ओटीवर अजून तेवत होत्या. काकूंनी आम्ही येईपर्यंत त्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवल्या होत्या, बाहेर उजेड पडू नये म्हणून.

साडेदहाला लॅपटॉपवर फोटो पाहताना काकांनी एक विषय काढला. सकाळची बामणघळ आणि आताचं आकाश त्यांनी एकावर एक बसवून पाहिलं होतं. विलक्षण दिसत होतं. "भरती रात्री नऊलाही होतीच," ते म्हणाले, "आकाशगंगाही नैर्ऋत्येला होतीच. म्हणजे हे दृश्य आज खरंच घडलं. आपण फक्त तिथे नव्हतो."

युक्तिवाद खोटा नव्हता, म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. दंतवैद्य बाईंनी इंद्रधनुष्याकडे बोट दाखवलं: तुषारांवर सकाळचं ऊन आहे. ते पुसता येतं, काका म्हणाले. मग मी त्यांना माझं कारण सांगितलं. हा फोटो जो पाहील त्याला वाटेल की रात्री नऊला, पूर्ण भरतीत, घळीच्या काठावर उभं राहून हे मिळतं. कुणीतरी विशीतला मुलगा ट्रायपॉड घेऊन एकटा तिथे जाईल.

चिपळूणचा मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. "मी गेलो असतो," तो म्हणाला.

काकांनी दोन्ही फोटो वेगळे केले आणि घळीच्या फोटोखाली लिहिलं: हेदवी, सकाळी आठ पन्नास, भरती चढताना, काठापासून लांब. मग वाळूवरून काढलेलं आकाश उघडलं आणि मला विचारलं की मूळ नक्षत्राच्या शेपटीजवळचा तो पुंजका कोणता आहे.